दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी: अभ्यासपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२५

नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी समकालीन मराठी दिग्दर्शकांवर छोट्या अभ्यासपुस्तिका काढण्याचे काम केंद्राने हाती घेतले असून पहिली पुस्तिका चंद्रकांत कुलकर्णी यांच्यावर करायची, असे आज ठरले. आमचे केंद्र छत्रपती संभाजीनगरात आहे आणि कुलकर्णी यांची जडणघडणही याच शहरातली. त्यामुळे ही निवड घरच्या माणसाच्या कौतुकासाठी झाली, अशी शंका कोणी घेईलच. निवडीमागचे कारण मात्र वेगळे आहे. ‘दिग्दर्शन’ म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर हलणारे नेपथ्य, प्रेक्षकांतून होणारे प्रवेश, प्रकाशाचे लखलखाट असे काहीतरी येते. ज्याचे दिग्दर्शन प्रयोग पाहताना चटकन दिसत नाही, पण काढून घेतले तर नाटक कोसळेल, अशा दिग्दर्शकापासून सुरुवात करणे म्हणूनच मला शिकवण्याच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे वाटते.

पुस्तिकेसाठी एक नियम आजच लिहून ठेवतो: दिग्दर्शकाच्या मनात काय होते, हे आपण सांगायचे नाही. संहितेत काय आहे आणि रंगमंचावर काय दिसले, या दोहोंमधल्या अंतराविषयीच बोलायचे.

९ जून २०२५

पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा झाला. विषय ‘जिगीषा’, म्हणजे कुलकर्णी यांची नाट्यसंस्था.

ऐंशीच्या दशकात तेव्हाच्या औरंगाबादेत काही तरुण मुले एकत्र येऊन नाटक करू लागली आणि पुढे त्यांतले बरेचजण मुंबईला गेले, ही हकिगत इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. यशस्वी माणसांच्या संघर्षकथेपलीकडे तिच्यात एक महत्त्वाची बाब आहे. कुलकर्णी मुंबईला गेले ते एकटे दिग्दर्शक म्हणून नव्हे. त्यांच्याबरोबर त्यांचा नाटककार होता, नट होते, आणि एकमेकांचे वाचन, आवडी व राग ठाऊक असलेला एक गट होता. प्रशांत दळवी यांनी लिहायचे आणि कुलकर्णी यांनी बसवायचे, ही जोडी ‘चारचौघी’ (१९९१), ‘ध्यानीमनी’, ‘चाहूल’, ‘गेट वेल सून’पासून २०२२ च्या ‘संज्या छाया’पर्यंत टिकून राहिली. प्रशांत यांचे बंधू अजित दळवी यांचे ‘गांधी विरुद्ध गांधी’ही कुलकर्णी यांनीच बसवले. व्यावसायिक रंगभूमीवर नाटककार आणि दिग्दर्शक यांची गाठ निर्माता घालून देतो, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे. इथे जोडी आधीपासूनच होती आणि निर्माता नंतर आला. नाटक कागदावर उतरत असतानाच ते कोण बसवणार हे लेखकाला ठाऊक असले, तर तो काही गोष्टी न लिहिताही सोडू शकतो. पुढची प्रकरणे लिहिताना हा मुद्दा धरून ठेवायचा आहे.

शहराच्या नाट्यपरंपरेवरची पाने कमी केली. त्यांवर स्वतंत्र पुस्तक होईल, ते या पुस्तिकेचे काम नव्हे.

१७ जून २०२५

‘चारचौघी’मधल्या टेलिफोनच्या प्रवेशावर काम सुरू केले. या प्रवेशावाचून पुस्तिका होऊच शकत नाही.

नाटक ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विवाहित पुरुषाशी असलेले नाते उघडपणे स्वीकारून तीन मुलींना वाढवणारी आई, आणि आपापल्या संसाराच्या किंवा प्रेमाच्या पेचात असलेल्या विद्या, वैजू व विनी या तिच्या मुली. मूळ संचात दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, आसावरी जोशी आणि प्रतीक्षा लोणकर होत्या. थोरली विद्या नवऱ्याच्या दुसऱ्या नात्याविषयी कळल्यावर माहेरी आलेली आहे आणि फोनवरून त्याच्याशी बोलते आहे. नवरा रंगमंचावर नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. एक बाई, एक फोन आणि बराच मोठा, एकसलग वेळ एवढ्यावर हा प्रवेश उभा आहे. मूळ संचातला वंदना गुप्ते यांचा हा प्रवेश तो पाहिलेले प्रेक्षक अजून आठवणीने सांगतात.

या प्रवेशाला आपण सवयीने ‘स्वगत’ म्हणतो, पण रंगमंचावर तो स्वगतासारखा चालत नाही. स्वगतात पात्र स्वतःच्या गतीने बोलते. इथे समोरचा माणूस मध्येच तोडतो, गप्प बसतो, खोटे बोलतो, रडतो, आणि ते सगळे बोलणाऱ्या बाईच्या थांबण्यातून आपल्याला कळावे लागते. संहितेत दोन वाक्यांमध्ये नुसती टिंबे आहेत. त्या टिंबांत किती वेळ आहे, याचा निर्णय दिग्दर्शकाचा.

आमच्या दोन विद्यार्थिनींना हा प्रवेश सरावासाठी दिला. दोघीही पाठांतरात पक्क्या होत्या आणि दोघींच्याही बाबतीत एकच गोष्ट घडली: पलीकडचा नवरा जिवंत होईना. वाक्य संपले की पुढचे वाक्य येत होते. मध्ये ऐकण्याला जागाच नव्हती. मग मी दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून नवऱ्याचे संवाद लिहून घेतले, त्याला विंगेत उभे केले आणि ते त्याने प्रत्यक्ष बोलून दाखवले. त्याबरोबर मुलीचा खांदा हलला, रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर गेला, एका ठिकाणी तिने तो कानापासून नुसताच दूर धरला. नंतर विंगेतला आवाज काढून टाकला, तरी हालचाली तशाच राहिल्या. हा सराव आमचा आहे. कुलकर्णी यांनी मूळ तालमीत काय केले याच्याशी त्याचा संबंध जोडू नये, असे पुस्तिकेत स्पष्ट लिहायचे.

फोनच्या वायरीचाही उल्लेख हवा. १९९१ सालचा फोन भिंतीला बांधलेला आहे, त्यामुळे बाईला वायर पोहोचेल तेवढ्याच वर्तुळात फिरता येते. आजच्या मोबाइलवर हा प्रवेश बसवला तर नटी रंगमंचभर फिरेल आणि कोंडी निघून जाईल. सरावात मोबाइल देऊन पाहिला आणि तसेच झाले.

२६ जून २०२५

नाटकांची यादी करून तिचे गट पाडण्याचा प्रयत्न केला, तो सोडून दिला. पु. लं.च्या लेखनावरचे ‘व्यक्ती आणि वल्ली’, एकीकडे ‘ध्यानीमनी’सारखे मनोविश्लेषणाच्या वाटेने जाणारे नाटक, दुसरीकडे महेश एलकुंचवारांची वाडा त्रिनाट्यधारा आणि पुढे शेक्सपिअर, हे सगळे एका शैलीच्या नावाखाली बसत नाही. शैली शोधत बसण्यापेक्षा एखादा प्रश्न धरावा, असे सहकाऱ्यांनी सुचवले आणि ते मला पटले. टेलिफोनच्या प्रवेशाने तो प्रश्न हाती दिलेलाच आहे: जो माणूस रंगमंचावर नाही, त्याला प्रेक्षकांसमोर कसे ठेवायचे? या प्रश्नाच्या अंगाने पाहिले तर कुलकर्णी यांची निदान तीन-चार मोठी कामे एका ओळीत उभी राहतात.

५ जुलै २०२५

वाडा त्रिनाट्यधारा. पुस्तिकेतील सर्वांत मोठे प्रकरण हेच होणार.

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले होते. पुढे एलकुंचवारांनी त्याच कुटुंबाच्या पुढच्या काळावर ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटके लिहिली, आणि १९९४ मध्ये कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’साठी तिन्ही नाटके सलग, एकाच बैठकीत सादर केली. सारा प्रयोग आठ-नऊ तासांचा होता. त्या वेळी कुलकर्णी तिशीच्या आसपास होते आणि ‘चारचौघी’चे व्यावसायिक यश त्यांच्या पाठीशी होते. त्या यशानंतर समांतर रंगभूमीच्या संस्थेत जाऊन, तिकीटविक्रीचा कोणताही भरवसा नसलेले, दिवसभर चालणारे नाटक उभे करावे, ही निवड मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

सलग प्रयोगाने काय साधते, हे विद्यार्थ्यांना नीट समजावून सांगायला हवे. पहिले नाटक सुरू होते तेव्हा धरणगावकर देशपांड्यांच्या घरातले तात्याजी नुकतेच गेलेले आहेत. मुंबईहून सुधीर आणि अंजली येतात, मोठा भाऊ भास्कर आणि वहिनी वाड्याचा कारभार ओढत आहेत, शिकू न शकलेली प्रभा आणि राबणारा चंदू आहे, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे आणि आतल्या खोलीतून म्हातारी दादी वेळ विचारते आहे. दुसऱ्या नाटकात दहा वर्षे गेलेली आहेत, तिसऱ्यात आणखी दहा. तीन वेगवेगळ्या संध्याकाळी ही नाटके पाहिली तर आपण प्रत्येक वेळी नव्याने ओळख करून घेतो. एका दिवसात पाहिली तर सकाळी ज्या ओसरीवर गजबज होती तिथे संध्याकाळी फक्त भास्करचा मुलगा पराग आणि सुधीरचा मुलगा अभय उरलेले दिसतात आणि बाकीची माणसे कुठे गेली, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. ती आपण सकाळी पाहिलेली असतात. प्रेक्षकाच्या अंगात मुरलेला थकवा आणि वाड्याचा थकवा इथे एकत्र येतात. ‘युगान्त’ची भाषा पहिल्या दोन नाटकांच्या वास्तवदर्शी संवादांपासून दूर, जवळजवळ काव्याकडे जाते. एकटे पाहताना हे नाटक अनेकांना जड वाटते. दोन नाटकांनंतर ते पाहिले की ती भाषा सोसवते.

इथे ‘अनुपस्थित माणसा’चा धागा आपोआप येतो. तात्याजी एकदाही दिसत नाहीत आणि पहिल्या नाटकात प्रत्येक जण त्यांच्याच नावाने निर्णय घेतो किंवा टाळतो.

१४ जुलै २०२५

‘वाडा चिरेबंदी’तल्या दागिन्यांच्या प्रवेशाचा सराव झाला.

भास्कर रात्री घराण्याच्या दागिन्यांची पेटी उघडतो आणि वहिनी एकेक दागिना अंगावर चढवते. संवाद थोडे आहेत. पुढे त्यांची मुलगी रंजू हे दागिने घेऊन मास्तराबरोबर पळून जाणार आहे, म्हणजे कथानकाच्या दृष्टीने पाहिले तर पेटी दाखवली की काम झाले. पण इथे कथानक थांबते आणि बाईच्या अंगावर पिढ्या चढू लागतात.

बाजारातून खोटे तोडे, गोठ, पुतळ्यांची माळ आणून दिली. विद्यार्थिनीने पहिल्यांदा सगळे पाऊण मिनिटात उरकले, कारण तिला वाटत होते की प्रेक्षक कंटाळतील. मी तिला तोड्याचे मळसूत्र खरोखर फिरवायला लावले. ते सहज बसत नाही. मनगट वळवावे लागते, दुसऱ्याची मदत घ्यावी लागते, आणि भास्करचे काम करणारा मुलगा मदतीला पुढे झाला तेव्हा नवरा-बायकोत जे घडले ते संहितेत एकाही शब्दाने लिहिलेले नाही. प्रवेश साडेचार मिनिटांवर गेला. पाहणाऱ्या वर्गातले कोणी हलले नाही.

कुलकर्णी यांच्या प्रयोगांत वस्तू हाताळण्याला असा वेळ दिलेला वारंवार दिसतो. ‘मंद गती’ हे वर्णन त्याला लावू नये, असे माझे मत आहे. त्यांची विनोदी नाटके चांगली वेगात जातात.

२२ जुलै २०२५

२०१४ च्या पुनर्निर्मितीवर छोटी नोंद. वीस वर्षांनी हेच ‘वाडा चिरेबंदी’ कुलकर्णी यांनी व्यावसायिक रंगभूमीवर आणले. वैभव मांगले भास्कर, निवेदिता सराफ वहिनी, प्रसाद ओक सुधीर, नेहा जोशी रंजू. नेपथ्य प्रदीप मुळ्ये यांचे, संगीत आनंद मोडक यांचे. मालिकांमुळे ओळखीचे झालेले चेहरे घेतल्यावर वऱ्हाडी बोली हेल काढून दाखवण्यापुरती उरेल, अशी भीती होती. तसे झाले नाही, आणि याचे श्रेय तालमींना द्यावे लागेल, कारण बोली कुठेही हशा मिळवण्यासाठी वापरलेली नव्हती. घरात राहिलेल्यांची बोली आणि मुंबईला गेलेल्या सुधीरची भाषा यांतली तेढ हे या नाटकातले अर्धे भांडण आहे, त्यामुळे तिथे चूक झाली असती तर सारेच विनोदी झाले असते.

२०१६ मध्ये ‘मग्न तळ्याकाठी’ आले ते बहुतांशी त्याच नटसंचाला घेऊन. ज्यांनी आधीचे नाटक पाहिले होते त्यांना तीच माणसे दहा वर्षांनी पोक्त झालेली भेटली.

२ ऑगस्ट २०२५

‘ध्यानीमनी’ आणि ‘गांधी विरुद्ध गांधी’ ही दोन नाटके एकाच प्रकरणात घेतली. सहकाऱ्यांचा याला विरोध होता. “सर, एक घरगुती आणि एक ऐतिहासिक, यांची मोट बांधली तर मुलं गोंधळतील,” असे त्यांचे म्हणणे. मी तरीही ठेवले.

‘ध्यानीमनी’त एक आई आपल्या मुलाविषयी सतत बोलते, त्याचा डबा भरते, त्याच्या खोडींवर रागावते, आणि तो मुलगा मुळात नाहीच, हे आपल्याला हळूहळू उमगते. मूळ संचात नीना कुलकर्णी यांनी ही भूमिका केली. दिग्दर्शकापुढची अडचण अशी की प्रेक्षकांना सुरुवातीला तो मुलगा खरा वाटलाच पाहिजे आणि कळल्यानंतरही आई हास्यास्पद वाटता कामा नये. दाराकडे पाहण्याची पद्धत, हाका मारण्याची पट्टी, आतल्या खोलीची दिशा कायम तीच ठेवणे असल्या बारीक हिशेबावर हे तोलले जाते. विद्याचा फोनवरचा नवरा आणि हा मुलगा, दोघांनाही ऐकणाऱ्याच्या शरीरातून उभे करावे लागते. विशेष म्हणजे हेच नाटक कुलकर्णी यांनी २०१७ मध्ये चित्रपट म्हणून केले, पण कॅमेरा खोलीत जाऊन रिकामी जागा दाखवू शकतो, आणि ती दाखवता येते म्हणूनच तिचे गूढ कमी होते, असे मला ते पाहताना वाटले. नाटकातली विंग कधीच रिकामी असल्याचे सिद्ध होत नाही.

‘गांधी विरुद्ध गांधी’ अजित दळवी यांनी दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवरून लिहिले. गांधीजी आणि हरिलाल या बापलेकांचा हा संघर्ष. अतुल कुलकर्णी यांचे गांधीजी अनेकांच्या लक्षात आहेत. इथे अनुपस्थिती वेगळ्या प्रकारची आहे: बाप समोर उभा आहे आणि तरीही मुलाच्या वाट्याला येत नाही. देशाचा बाप झालेला माणूस पोराला कसा मिळत नाही, हे दाखवताना दिग्दर्शकाने कोणाही एकाची बाजू घेतली असती तर नाटक आरोपपत्र झाले असते किंवा आरती. प्रेक्षक दोघांमध्ये अडकून राहतो आणि कस्तुरबांकडे पाहू लागतो, इतके साधल्यावर त्यापुढे दिग्दर्शकाला बोट दाखवावे लागत नाही.

११ ऑगस्ट २०२५

पुस्तिका एकसुरी गौरवाची होऊ नये म्हणून आज टीकेचे प्रकरण लिहिले. मुख्य उदाहरण ‘हॅम्लेट’ (२०१८). नाना जोग यांचे भाषांतर, सुमीत राघवन हॅम्लेट. व्यावसायिक मराठी रंगभूमीवर शेक्सपिअर एवढ्या मोठ्या प्रमाणावर उभा करण्याचे धाडस दुर्मीळ आहे आणि प्रयोग कुठेही गोंधळाचा नव्हता. शेक्सपिअर पूर्वी न वाचलेल्या प्रेक्षकालाही गोष्ट स्वच्छ कळत होती. तरीही माझी तक्रार आहे. कुलकर्णी यांची खरी ताकद लहान जागेत, ऐकणाऱ्या माणसावर, वस्तूला दिलेल्या वेळावर आहे. राजवाड्याचा भव्य थाट आणि पोशाखांची श्रीमंती यांनी ती जागा भरून टाकली. मेलेल्या बापाने पछाडलेला मुलगा हा विषय तर त्यांच्या आजवरच्या कामाच्या अगदी मध्यावरचा. वाड्यातले न दिसणारे तात्याजी मला एल्सिनोरच्या, म्हणजे हॅम्लेटच्या राजवाड्यातल्या, भुतापेक्षा अधिक धाक घालणारे वाटतात.

सहकाऱ्यांना हे मत कठोर वाटले. ‘लेखकाचे मत’ अशा चौकटीत ते छापायचे, असे ठरले.

दुसरी एक बाब ओझरती नोंदवली. सामाजिक प्रश्नावर बेतलेल्या काही नाटकांत शेवटाकडे पात्रे प्रश्नाचे उत्तर शब्दांत सांगू लागतात आणि तिथे दिग्दर्शक नाटककाराला अडवत नाही. दीर्घ मैत्रीचा तो तोटाही असेल.

१९ ऑगस्ट २०२५

चित्रपटांसाठी एकच पान ठेवले. ‘बिनधास्त’ (१९९९) हा जवळजवळ संपूर्ण स्त्रीपात्रांचा रहस्यपट; त्यावरून पुढे प्रियदर्शन यांनी दक्षिणेत चित्रपट केला. नंतर ‘कायद्याचं बोला’, ‘तुकाराम’ (२०१२) आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा ‘आजचा दिवस माझा’. रंगभूमीच्या विद्यार्थ्याला यांतून घेण्यासारखे आहे ते एवढेच, की चित्रपटातही पटकथालेखक बहुधा दळवीच आहेत.

२३ ऑगस्ट २०२५

शेवटचे प्रकरण: २०२२ चे ‘चारचौघी’. रोहिणी हट्टंगडी आई, मुक्ता बर्वे विद्या, कादंबरी कदम वैजू, पर्ण पेठे विनी.

तीन दशकांपूर्वीचे गाजलेले नाटक नव्याने करताना दोन सोपे मार्ग असतात: त्याला आजचे कपडे घालायचे, किंवा जुन्या आठवणींचा उत्सव करायचा. इथे नाटक तीन अंकीच ठेवले, काळही त्याचाच ठेवला आणि फोनही वायरीचाच. आज अडीच तासांत घरी जाण्याची सवय लागलेल्या प्रेक्षकांपुढे हा हट्ट होता. दादरला हा प्रयोग पाहिला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत कॉलेजातल्या मुली होत्या. विनीला दोन मित्रांबरोबर राहायचे आहे, या प्रसंगाला त्यांना धक्का बसला नाही; त्या हसल्या आणि पुढे ऐकू लागल्या. थोरल्या विद्याच्या फोनच्या वेळी मात्र त्या जागच्या हलल्या नाहीत. १९९१ मध्ये कोणत्या प्रसंगाने खळबळ उडाली आणि आज कोणत्या प्रसंगाने शांतता पसरते, हा बदल नोंदवायचा तर संहिता जशीच्या तशी ठेवणे भागच होते. नवी नटी तोच फोन करताना वेगळ्या ठिकाणी थांबते. वंदना गुप्ते यांचा प्रवेश ज्यांच्या कानांत बसलेला आहे त्यांना सुरुवातीची काही मिनिटे हे खटकते, नंतर तुलना मागे पडते. दिग्दर्शकाने मूळच्या थांबण्याच्या जागांची नक्कल करवून घेतली नाही, ही गोष्ट मला पुस्तिकेत ठळकपणे सांगायची आहे, कारण आमच्याकडे गाजलेला प्रवेश शिकवताना आधी ध्वनिफीत ऐकवली जाते.

८ सप्टेंबर २०२५

गणपतीत मुद्रणालय बंद होते. आज मुद्रिते आली. क्षितिज पटवर्धन यांनी लिहिलेले आणि सचिन खेडेकर यांची प्रमुख भूमिका असलेले ‘भूमिका’ यंदाच रंगभूमीवर आले आहे. त्यावर चार पाने लिहून झाली होती, पण प्रयोग चालू असताना, नटसंच अजून रुळत असताना घाईने मत छापू नये म्हणून ती पाने काढून ठेवली आहेत. दुसऱ्या आवृत्तीत घालता येतील. दागिन्यांच्या प्रवेशाचा सराव पुस्तिकेच्या शेवटी परिशिष्ट म्हणून जातो आहे. मळसूत्राचे तोडे न मिळाल्यास काय वापरावे, याची एक ओळ विद्यार्थ्यांनी मागितली. मी त्यात लिहिले आहे की तोडे मिळेपर्यंत तालीम पुढे ढकलावी.